नवा माल, जुना माल आणि लेखणी
(दोन मोबाईलांचा एक तुलनात्मक अभ्यास)

धान्याच्या पेठेत ‘नवा’ आणि ‘जुना’ हे शब्द स्तुतीचे अथवा निंदेचे नसतात. ते केवळ मालाचे वर्णन करतात. नवा तांदूळ शिजताना गचका होतो. वर्षभर मुरलेला तोच तांदूळ मोकळा शिजतो, पाणी अधिक धरतो आणि म्हणून दोन पैसे अधिक मिळवितो. उलटपक्षी वर्षभर पडून राहिलेल्या शेंगदाण्यास खवट वास येतो व त्याला कोणी हात लावीत नाही. तेव्हा ‘नवे चांगले की जुने’ असा मोघम प्रश्न आमच्या धंद्यात कोणी करीत नाही. माल कोणता आणि तो कशासाठी हवा, हे दोन प्रश्न आधी विचारावे लागतात. पण हाच व्यापारी पेढीवरून उठून मोबाईलच्या दुकानात शिरला की आपला जन्माचा विवेक चपलांबरोबर बाहेर ठेवतो, असे मी स्वतःवरूनच सांगू शकतो.

प्रस्तुत लेखात मी एकाच कंपनीच्या दोन फोनांची तुलना करणार आहे. सॅमसंग कंपनीने ५ ऑगस्ट २०२० रोजी ‘गॅलक्सी नोट २० अल्ट्रा’ हा लेखणीसह असलेला फोन जाहीर केला आणि पुढे जेमतेम पाच महिन्यांनी, १४ जानेवारी २०२१ रोजी, ‘गॅलक्सी एस २१ अल्ट्रा’ हा नव्या सालचा अग्रणी फोन पुढे आणला. ‘इतक्या वर्षांपूर्वीची वस्तू आज कशाला उकरता?’ असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ताज्या मालाचा पुढचा भाव सांगणे ज्योतिषाचे काम आहे. विकून झालेल्या मालाची पट्टी मात्र कोणालाही मांडता येते. ह्या दोन फोनांचे पुढे काय झाले हे आता ठाऊक आहे, म्हणूनच ते अभ्यासास योग्य आहेत.

योगायोगाने हे दोन्ही फोन आमच्या एकाच गादीवर नांदले. २०२० च्या दिवाळीत मुलांनी मला नोट घेऊन दिला. पुढील फेब्रुवारीत माझ्या पुतण्याने, जो पेढीचा भागीदार आहे, एस २१ अल्ट्रा घेतला. आणि आल्या दिवसापासून ‘अण्णा, तुमचा हा आता जुना झाला, ह्याला अजून चांगली किंमत येते आहे तोवर बदलून टाका’ असा धोशा त्याने लावला. मी त्याला म्हणालो, बदलू. पण आधी कीर्द लिहू. एका कागदावर मधोमध रेघ मारली. नव्या फोनात जे अधिक आले ते जमेच्या बाजूस आणि जे गेले ते नावेच्या बाजूस मांडावयाचे ठरले. पुतण्याने जमेची बाजू पाच मिनिटांत भरून काढली. नावेच्या बाजूस काय लिहावे हे त्याला सुचेना, कारण दुकानदाराने दिलेल्या रंगीत पत्रकात ती बाजूच नव्हती.

जमेची बाजू मी मनापासून मान्य करतो. नोटमध्ये विजेरी ४,५०० मिलिअँपिअर-तासांची. नव्यात ५,००० ची. नोटचा पडदा ६.९ इंचांचा, नव्याचा ६.८, म्हणजे आकारात नव्याने किंचित माघारच घेतली. परंतु पडद्यावरील चित्र सेकंदास १२० वेळा ताजे करण्याची जी सोय आहे, ती नोटमध्ये चित्राची बारकाई कमी केल्यावरच मिळे, नव्यात पूर्ण बारकाईसह मिळाली. भारतात विकल्या गेलेल्या नोटमध्ये एक्सिनॉस ९९० हा प्रोसेसर होता, नव्यात एक्सिनॉस २१००. ह्या दुसऱ्याची घडण अधिक सूक्ष्म, त्यामुळे काम वेगाने आणि वीज बेताने. बोटाचा ठसा ओळखणारी जागाही नव्यात मोठी झाली. ज्याची बोटे दिवसभर पोत्यांत असतात त्याला हिचे महत्त्व कळेल.

खरा पराक्रम कॅमेऱ्याचा. दोहोंचे मुख्य भिंग १०८ मेगापिक्सेलचेच. पण दूरचे जवळ आणण्यासाठी नोटला पाचपटीचे एकच भिंग होते, तर नव्याला तीनपट आणि दहापट अशी दोन. पुतण्याने ह्याचा उपयोग मला गोदामात दाखविला. थप्पीच्या वरच्या थरावरील पोत्यांवर आम्ही शाईने लॉटची खूण घालतो. ती वाचण्यास एरवी हमालास वर चढवावे लागते. त्याने दारात उभे राहून दहापटीच्या भिंगातून शेवटच्या रांगेतील खूण टिपली, ती स्वच्छ वाचता आली. नोटच्या पाचपटीतून तेथे खूण आहे एवढे कळे, अंक ओळखण्यास तर्क करावा लागे. पत्रकात मात्र नोटला पन्नासपट व नव्याला शंभरपट असे मोठे आकडे छापलेले होते. भिंगाची शक्ती संपल्यावर चित्र नुसते ताणून मोठे केले की असे आकडे निघतात. हलक्या डाळीला पाणी मारून तिचे वजन वाढवावे त्यातलाच हा प्रकार. शंभरपटीत आमच्या लॉटची खूण म्हणजे नुसता शाईचा डाग दिसला.

आता नावेची बाजू. पहिली नोंद लेखणीची. नोटच्या पोटात लेखणीसाठी कोनाडा आहे. दाबले की ती बाहेर येते, काम झाले की आत जाते. एस २१ अल्ट्रा हा ‘एस’ मालिकेतील लेखणी ओळखणारा पहिला फोन होय. पण लेखणी त्याच्या खोक्यात नव्हती व फोनात तिला घरही नव्हते. ती स्वतंत्र विकत घ्यावयाची, आणि जवळ बाळगावयाची तर तिच्यासाठी खाचा असलेले वेगळे आवरणही घ्यावयाचे. दुसरी नोंद मेमरी कार्डाची. नोटमध्ये कार्ड घालण्याची सोय होती, नव्यात ती काढून टाकली. जेवढी साठवण विकत घेतली तेवढीच जन्मभर. तिसरी नोंद चार्जरची. नोटच्या खोक्यात तो होता. नव्याच्या खोक्यात फक्त वायर निघाली. कंपनीने त्यास पर्यावरणाचे कारण दिले. ज्याच्या घरी जुना चार्जर आहे त्याच्या बाबतीत ते कारण खरे आहे आणि आपल्या लोकांस ते पटावेही. ज्याच्या घरी नाही, तो दुसऱ्या खोक्यातून तीच वस्तू वेगळे पैसे मोजून आणतो, आणि कचरा होता तेवढाच होतो. चौथी नोंद वजनाची : नोट २०८ ग्रॅम, नवा २२७ ग्रॅम. एकोणीस ग्रॅम म्हणजे काय मोठे, असे वाटेल. खिशाच्या शिवणीस विचारावे.

आणि किंमत? नोट भारतात आला तेव्हा १,०४,९९९ रुपये. एस २१ अल्ट्रा, तितक्याच साठवणीचा, १,०५,९९९ रुपये. पुतण्या म्हणाला, ‘फक्त हजार रुपये अधिक.’ पण जुन्यातील लेखणी, कार्डाची जागा आणि चार्जर वजा करून हा हिशेब त्याने केला नव्हता. बारदान वजा न करता धान्याचे वजन धरावे तसे ते झाले. शिवाय दोघांच्याही किमतीत ‘५जी’ची सोय धरलेली होती, आणि आपल्या देशात ती सेवा सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ रोजी. म्हणजे जो रस्ता अजून बांधला नव्हता त्याची पट्टी दोघांनीही आगाऊच भरली होती. ह्या बाबतीत काका-पुतणे सारखेच फसले.

लेखणीला मी पहिले स्थान का दिले ते सांगणे अवश्य आहे; नाहीतर म्हाताऱ्याचा छंद म्हणून तिची बोळवण होईल.

ही लेखणी म्हणजे काचेवर घासण्याची साधी काडी नव्हे. फोनच्या पडद्याखाली तारांचे एक अत्यंत बारीक जाळे असते. ते सभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. लेखणीत तारेचे छोटे वेटोळे असते; ते ह्या क्षेत्रात आले की त्याच्याशी सूर धरते, आणि त्या प्रतिसादावरून लेखणीचे टोक नेमके कोठे आहे व किती दाब देत आहे हे फोनला कळते. ही पद्धत जपानच्या वॅकॉम कंपनीची. दाबाच्या ४,०९६ पायऱ्या ती ओळखते. लिहिण्यापुरती ह्या लेखणीस स्वतःची वीज लागत नाही. क्षेत्रातूनच ती मिळते. नोटच्या लेखणीत जी छोटी विजेरी होती, ती दूरवरून फोटो काढण्यासारख्या ब्लूटूथच्या करामतींसाठी. तळहात काचेवर टेकला तरी फोन त्याकडे दुर्लक्ष करतो आणि बोट धुळीने माखलेले असले तरी अक्षरात फरक पडत नाही. टोक झिजले तर ते बदलता येते. दक्षिणेत आपल्या पूर्वसूरींनी ताडपत्रांवर लोखंडी शलाकेने अक्षरे कोरली आणि मग त्यांत काजळी भरली. मी जेव्हा काचेवर लिहितो आणि टोकामागून काळी रेघ उमटत जाते, तेव्हा मला नेहमी त्या काजळीची आठवण होते. नोट २० अल्ट्रात टोक आणि रेघ ह्यांतील विलंब ९ सहस्रांश सेकंद इतकाच होता, असे कंपनीने सांगितले होते. सहस्रांश मोजणारे डोळे मला नाहीत. पण रेघ मागे रेंगाळत नाही, हे खरे.

आता व्यवहाराची गोष्ट. २०१९ च्या हिवाळ्यात, नोट घरी येण्यापूर्वी, एका किरकोळ व्यापाऱ्यास मी हरभऱ्याचा भाव बोटाने टाईप करून कळविला. ४,४५० लिहावयाचे, बोट शेजारच्या अक्षरावर पडले आणि ४,३५० गेले. मी वाचून न पाहता पाठविले. त्याने साठ क्विंटल माल उचलला. क्विंटलमागे शंभर, म्हणजे सहा हजार रुपये. तो भला गृहस्थ म्हणाला, ‘आपण अर्धे अर्धे सोसू.’ परंतु लिहून दिलेला भाव तो दिलेला भाव. पैशांपेक्षा ह्याचे वाईट वाटले की, चाळीस वर्षांत वहीत अशी चूक माझ्या हातून झाली नव्हती. वहीत आपण आकडा लिहितो आणि त्यापुढे ‘अक्षरी’ म्हणून तोच शब्दांत लिहितो. आकडा चुकला तरी शब्द त्याला सावरतो. बोटाने टाईप करू लागलो आणि कंटाळ्याने ही ‘अक्षरी’ची चाल सुटली होती.

लेखणी हाती आल्यावर ती परत आली. लिलावाच्या वेळी मी ढिगाचा फोटो घेतो आणि त्या फोटोवरच हाताने लिहितो : पोत्यांची संख्या, भाव, कडता असल्यास किती व कशाबद्दल, आणि शेवटी अक्षरी रक्कम. शेतकरी बाजूला उभा असतो. तो वाचतो, मान हलवितो, आणि तेच पान त्याच्या व माझ्या मुलाच्या फोनवर जाते. पुढे ‘कडता एवढा नव्हता ठरला’ असा वाद आमच्या पेढीवर झाला नाही. खरेदीचा भाव गुप्त ठेवण्यासाठी वडिलांनी मोडी वळणाच्या काही खुणा ठरविल्या होत्या. त्या कोणत्याही फोनच्या अक्षरफलकावर सापडणार नाहीत, पण लेखणीस त्या माहीत आहेत. म्हणून माझ्या कागदावर लेखणीची ओळ एकटीच जमेच्या बाजूच्या सहा ओळींना भारी पडली.

पुतण्याने पराभव सहज मान्य केला नाही. त्याने आपल्या फोनची स्वतंत्र लेखणी मागविली, आणि न्यायाने सांगावयाचे तर ती लिहिण्यास माझ्या लेखणीहून सरस होती. फोनच्या पोटात मावण्याची अट नसल्याने ती जाड व लांब, हातात टाकासारखी बसणारी. माझी लेखणी बारीक, अर्धा तास लिहिले की बोटे अवघडतात. माझी लेखणी त्याच्या काचेवर लिहीत असे आणि त्याची माझ्या. भावकी होती ती. पण त्याच्या लेखणीला घर नव्हते. आवरणाने फोन फारच जाड होतो म्हणून त्याने ती सदऱ्याच्या खिशास अडकविली. सतराव्या दिवशी हरभऱ्याच्या ढिगावर वाकून नमुना घेताना ती पडली. ढीग चाळला, पोती हलविली, सापडली नाही. तो माल दुसऱ्या दिवशी गोव्याकडे रवाना झाला. तेथील एखाद्या दुकानदारास ती सापडली असल्यास, काडीकचऱ्याबद्दल त्याने आमच्याकडे कडता मागितला नाही, एवढे त्याचे उपकार.

येथे एक प्रश्न आपल्या धर्माच्या अंगाने येतो. तो बाजूला ठेवून हा अभ्यास पुरा होणार नाही. मी परिग्रहपरिमाणाचे व्रत काही वर्षांपूर्वी घेतले आहे. शास्त्रातील गणनेत क्षेत्र, वास्तू, धन, धान्य ह्यांची नावे स्पष्ट आहेत; फोनचे नाव अर्थातच नाही, त्याला भांडीकुंडी-वस्त्रे ज्यात येतात त्या ‘कुप्या’त घालावे लागेल. मी माझ्यापुरता एक फोन अशी मर्यादा ठेवली होती. पुतण्या थट्टेने म्हणाला, ‘अण्णा, तुमचा फोन म्हणजे वही, लेखणी, कॅमेरा, गणकयंत्र आणि विजेची बत्ती. पाच वस्तू एकीत कोंबून तुम्ही एक मोजता.’ दोन शेतांमधला बांध काढून ती दोन्ही एकच म्हणावयाची, ही पळवाट आपल्या आचार्यांनी फार पूर्वीच ओळखून दोषांत घातली आहे. तेव्हा त्याची थट्टा मला झोंबली. पण ह्या विचारातूनच मला बदलण्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. नवा घ्यावयाचा तर जुना जावा लागेल. आणि जुना जाणार म्हणजे त्याबरोबर कोनाड्यातील लेखणी जाणार. दोन्ही ठेवण्याची मुभा मला असती, तर तुलना करण्याचे कष्ट मी घेतलेच नसते. मी नोट ठेवला, पुतण्याने आपला फोन ठेवला. गोदाम त्याच्याकडे, लिलाव माझ्याकडे. ज्याच्या कामास जो लागू, तो त्याच्याकडे राहिला.

आता निकाल, म्हणजे पुढील वर्षांनी केलेला. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याच कंपनीने एस २२ अल्ट्रा जाहीर केला, आणि त्याच्या पोटात लेखणीचा कोनाडा पुन्हा अवतरला. लेखणीच्या कोनाड्याला जागा लागते आणि ती विजेरीच्या जागेतून कापावी लागते, असे समर्थन २०२१ मध्ये पुष्कळांनी केले होते. ते खोटे नव्हते. पण ह्या फोनात ५,००० ची विजेरी, तीनपट व दहापट भिंगे आणि लेखणी असे सर्व एकत्र नांदले. नोट हे नाव मात्र बंद झाले. २०११ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ५.३ इंची पडद्याचा पहिला नोट आला तेव्हा त्याच्या आकाराची थट्टा झाली होती, आणि २०१६ साली नोट ७ च्या विजेऱ्या पेट घेऊ लागल्याने ती सारी आवृत्तीच परत घ्यावी लागली. एवढे सोसूनही ते नाव दहा वर्षे टिकले. मेमरी कार्डाची जागा एस २२ अल्ट्रातही परत आली नाही. बाजाराने जे काढून घेतले त्यातले काय परत मिळेल, हे सांगता येत नाही. थांबलो हे लेखणीपुरते योग्य ठरले.

परंतु माझ्या कागदावर एक ओळ राहून गेली होती, आणि ती माझ्या विरुद्ध जाते, म्हणून ती मुद्दाम येथे लिहितो. फोन केवळ काच आणि तांबे नव्हे. त्याच्या आतील कार्यप्रणाली वेळोवेळी सुधारत राहावी लागते, विशेषतः चोरट्यांपासून संरक्षण देणारे भाग. नोट अँड्रॉइड १० घेऊन आला आणि तीन पिढ्यांच्या वचनाप्रमाणे अँड्रॉइड १३ वर थांबला. त्याच्या संरक्षक सुधारणांची हमी किमान चार वर्षांची होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीने हे वचन चार पिढ्या आणि पाच वर्षे असे वाढविले. त्यात एस २१ मालिका धरली, नोट २० धरला नाही. पुतण्याचा फोन अँड्रॉइड ११ वरून १५ पर्यंत गेला. पाच महिन्यांच्या अंतराने जन्मलेल्या दोन भावांत धाकट्याला आयुष्य अधिक मिळाले. ज्या फोनवरून बँकेचे व्यवहार होतात त्याच्या बाबतीत ही ओळ भिंगांच्या ओळीहून जड आहे, आणि ती मला त्या वेळी सुचली नाही. धान्य घेताना आपण ते किती दिवस टिकेल हे पाहतोच; येथे ते पाहण्याचे मी विसरलो.

हमीची मुदत संपल्यावर मी नोटमधून बँकेचे सर्व काढून टाकले व तो व्यवहार मुलाच्या फोनकडे सोपविला. माझा फोन आता बोलणे आणि लिलावाची पाने लिहिणे एवढ्यापुरता उरला आहे. लेखणीचे टोक दोनदा बदलले.

जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या एस २५ अल्ट्राच्या लेखणीतून ब्लूटूथ काढून टाकले, तेव्हा पुतण्या हसत हसत म्हणाला, ‘पाहा अण्णा, तुमची लेखणी पुन्हा कापली.’ मी त्या करामतींचा उपयोग कधी केला नव्हता, त्यामुळे माझ्या नावेच्या बाजूस ही नोंद पडत नाही. ज्याने केला असेल त्याने अवश्य लिहावी. मुलांचा आग्रह आहे की आता नवा फोन घ्यावा, आणि बँकेचे काम पुन्हा स्वतःकडे घ्यावयाचे असल्यास तो घ्यावाच लागेल. कागद काढला आहे, मधोमध रेघ मारली आहे. ह्या खेपेस नावेच्या बाजूस पहिली ओळ सुधारणांच्या मुदतीची घातली आहे आणि दुसरी लेखणीच्या कोनाड्याची. जमेची बाजू पुतण्याकडे दिली आहे. ती त्याने भरून आणली की दोन्ही बेरजा एकदम करू.